बोटभर पेन्सिल

माग विकला त्या सकाळी
टेम्पोवाल्याने दोर आवळला,
आणि साखर पेठेतल्या आमच्या खोलीत इतकी शांतता पडली
की वाटलं, उरलेला कानही गेला.

एकतीस वर्षं टॉवेल.
रोजचे डझन मी कॅलेंडरात लिहायचो,
तारखेखालच्या पांढऱ्या जागेत:
सात. साडेसात. लाईट नाही. सहा.
शेजारी राजमणीच्या विड्या, आठशे किंवा हजार,
आणि पाणी आलं त्या दिवशी एक गोल.

आता तिची बाजू भरत होती, माझी कोरी.
बाहेर बेचाळीस. पत्रा तापलेला.
पंखा गरम वारा वाढत होता
पंगतीतल्या वाढप्यासारखा,
नको म्हणणाऱ्यालाही आग्रहाने.

सवयीने उभा राहिलो भिंतीपुढे.
नातू सुट्टीत विसरून गेलेली बोटभर पेन्सिल,
मागच्या टोकाला त्याचे दात.
लिहायला आकडा नव्हता,
म्हणून तांब्या काढला.
समोर होता तो. पोचा आलेला.
जागा अंगठ्याच्या नखाहून जराशी मोठी,
पोचा काही मावला नाही.
माझ्या चित्रात तांब्या नवा झाला.

दुसऱ्या दिवशी तिच्या सुपातली कात्री.
तिसऱ्या दिवशी चप्पल;
राजमणीला ती होडी वाटली,
मी नाही म्हटलं नाही.
पाण्याच्या गोलाला दोन डोळे दिले.

इरण्णा दारातून डोकावला,
"का बे यादगिरी, म्हातारपणी बालवाडी?"
होय की, म्हटलं, फी नाही,
डबाही घरचाच.

एकतीस वर्षं काठावर एकच फूल विणलं मी,
तीन पाकळ्यांचं.
कार्ड कुणी कापलं होतं कोण जाणे,
मी फक्त तुटलेला धागा बघायचो,
फूल कधी बघितलं नाही.
दारातल्या तेलाच्या डब्यात जास्वंद आहे,
तिला पाच.
पाचवी काढताना जागा संपली,
सतराची पाकळी
अठराच्या अंगणात उतरली.

मग तो सोमवार.
कारखान्यातून राजमणी आली ती न बोलता.
शंभरावर विड्या छाटात काढल्या होत्या,
पान पिवळं म्हणून.
पान तर त्यांनीच दिलेलं.
तिने भात टाकला, मी कांदा फोडला,
शेंगाचटणीची बरणी दोघांच्या मध्ये,
झाकण कुणीच उघडेना.
पेन्सिलची आठवणसुद्धा झाली नाही.

सकाळी बघतो तर
सोमवारच्या जागेत पोपट.
टेंभुर्णीच्या पानाच्या कातरणाचा,
भाताच्या शितांनी चिकटवलेला,
चोच लाल, विडीच्या दोऱ्याची.
पंख पिवळे.
तेच पान.

ती वळत बसली होती. पान, तंबाखू, दोरा.
मान वर न करता म्हणाली,
"काल रिकामं राहिलं होतं."

मी खूप वेळ बघितलं.
बागुंदी, म्हटलं.
"शेपूट वाकडी झाली जरा."

तेव्हापासून सोमवार तिचा.
आजवर एक मुंगूस, एक इस्तरी,
आणि माझा चेहरा,
तिच्या मते. मला तो कणीस वाटतो.
महिना संपला की पान गादीखाली जातं.
पूर्वी त्यात चटणी बांधायचो.

पुण्याहून पोरगी फोन करते,
"बाबा, दिवसभर करता काय?"
काम आहे.
"कसलं?"
एवढंसं, म्हणतो, आणि अंगठ्याचं नख दाखवतो
फोनला, जसं काही दिसणार आहे तिला.

आज पाणी. पहाटे तीनची पाळी.
घागरी लावून बसलोय नळाशी, कॅलेंडर उतरवून मांडीवर.
आधी पाणी येत नाही,
आधी येते हवा, फुसफुसत,
कुणीतरी लांबून हसत यावं तशी.
हे कसं काढायचं?

पेन्सिलचं टोक जिभेला लावून बघतो.